नाकेबंदी चुलीपर्यंत कशी पोचते

(हडपसर येथे महिला गटांच्या एकत्रित बैठकीत केलेलं भाषण)



आजचा विषय जरा लांबचा वाटेल. युद्धाच्या काळात एखाद्या देशावर आर्थिक निर्बंध घातले जातात, त्याचा सामान्य माणसावर, त्यातही बायकांवर काय परिणाम होतो, हा तो विषय. रेशन, पाणी, दारू, हुंडा, घरातली मारहाण या प्रश्नांवर आपण रोज काम करतो. ते सोडून इराक आणि अफगाणिस्तान कशाला, असं कोणी विचारलं तर तो प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं, की हाही रेशनचाच विषय आहे. इथे धान्य कमी आलं तर आपण रेशन ऑफिसवर मोर्चा नेतो. इराकी बाईच्या घरात काय पोचावं हे न्यूयॉर्कमधली एक समिती ठरवत होती. त्या समितीच्या बैठका बंद दाराआड चालत आणि तिच्या दारावर मोर्चा नेणं त्या बाईला शक्य नव्हतं.

आर्थिक निर्बंध म्हणजे काय? एखाद्या देशाचा माल घ्यायचा नाही, त्याला माल विकायचा नाही, त्याचे परदेशी बँकांतले पैसे गोठवायचे, त्याच्या जहाजांना बंदरात येऊ द्यायचं नाही. बॉम्ब टाकण्यापेक्षा हे बरं, असं पुष्कळ भल्या माणसांना वाटतं. रक्त सांडत नाही, सैनिक मरत नाहीत, राज्यकर्त्यांची मात्र कोंडी होते, असा हिशोब असतो. हिशोब ऐकायला चांगला आहे. तो कुठे चुकतो ते आपल्याला बघायचं आहे.

आधी आपल्या घरापासून सुरुवात करू. १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये अरब देश आणि इस्राएल यांचं युद्ध झालं. इस्राएलला मदत करणाऱ्या अमेरिकेला धडा शिकवायचा म्हणून अरब देशांनी तिला तेल देणं बंद केलं. तेलाचं पिंप तेव्हा तीन डॉलरच्या आसपास होतं. १९७४ च्या जानेवारीत ते अकरा डॉलरच्या पुढे गेलं. राग अमेरिकेवर होता, पण अमेरिकेला चढे भाव परवडत होते. भारतासारख्या देशांना ते परवडत नव्हते. महाराष्ट्रात १९७२ चा दुष्काळ नुकताच होऊन गेला होता. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती १९७२ मध्येच उभी राहिली होती आणि बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. तेल, साखर, रॉकेल हे त्यांचे प्रश्न. त्यात देशातल्या साठेबाजांचा आणि सरकारी धोरणाचा वाटा होताच. पण दूरच्या एका युद्धातल्या तेलबंदीचा भारही त्याच चुलीवर येऊन पडला.

दुसरा प्रसंग १९९० चा. २ ऑगस्ट १९९० ला सद्दाम हुसेनच्या सैन्याने कुवेत गिळंकृत केला. चार दिवसांनी, ६ ऑगस्टला, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने इराकवर आणि इराकच्या ताब्यातल्या कुवेतवर सर्व व्यापाराची बंदी घातली. भारत आपल्या तेलाचा मोठा वाटा याच दोन देशांकडून घेत होता. जुलैमध्ये सतरा-अठरा डॉलरला असलेलं पिंप ऑक्टोबरमध्ये चाळीस डॉलरपर्यंत गेलं. त्याच महिन्यात आपल्या सरकारने पेट्रोलियम पदार्थांवर पंचवीस टक्के 'आखाती अधिभार' लावला. वाहतूक महागली, आणि वाहतूक महागली की मंडईत येणारी प्रत्येक जुडी महागते, हे हडपसरच्या बायकांना कोणी शिकवायला नको. परकीय चलन संपत आलं. १९९१ च्या मे महिन्यात देशाचं वीस टन सोनं विकावं लागलं आणि जुलैमध्ये जवळपास सत्तेचाळीस टन गहाण ठेवावं लागलं. घर अडचणीत आलं की पहिली बाईची पाटली सावकाराकडे जाते, तसंच हे झालं. या संकटाला आधीच्या वर्षांतली उधळपट्टी आणि कर्जं कारणीभूत होती, एकट्या आखाताला दोष देता येणार नाही. पण शेवटचा धक्का तिथून आला. त्यापाठोपाठ नवं आर्थिक धोरण आलं आणि त्याचे परिणाम आपण सगळ्यांनी भोगले.

कुवेतमध्ये तेव्हा दीड लाखाहून जास्त भारतीय होते. केरळचे पुष्कळ, गोव्याचे, आणि आपल्या रत्नागिरी-रायगडातल्या कोकणी मुस्लिम घरांतलेही. त्या माणसांची कमाई एका दिवसात अडकली. कुवेती दिनार इराकने रद्द केला. नाकेबंदीमुळे अन्न येईना. तिथे अडकलेल्या स्वतःच्या नागरिकांना जहाजाने धान्य पाठवायचं, तर भारताला त्यासाठीही सुरक्षा परिषदेच्या समितीची परवानगी घ्यावी लागली. शेवटी अम्मानहून मुंबईला विमानांची रांग लावून ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात एक लाख सत्तर हजारांहून अधिक माणसं परत आणली गेली. त्या विमानोड्डाणांचं कौतुक आपण ऐकतो, सिनेमाही निघाला. पण दर महिन्याला येणारी मनिऑर्डर किंवा ड्राफ्ट थांबल्यावर गावाकडच्या बायकांनी घर कसं चालवलं, यावर कोणी सिनेमा काढला नाही.

आता इराककडे जाऊ. फेब्रुवारी १९९१ मध्ये इराकी सैन्य कुवेतबाहेर पडलं. ज्या कारणासाठी बंदी घातली होती ते कारण संपलं. बंदी मात्र उठली नाही. आता संहारक शस्त्रं नष्ट करा, मग बघू, असं ठरलं. ती बंदी २२ मे २००३ ला उठली, म्हणजे जवळजवळ तेरा वर्षांनी, तीही अमेरिकेने इराक जिंकल्यानंतर. १९९० साली जन्मलेली मुलगी तोवर वयात आली होती. असं का झालं? ठरावात बंदीला मुदतच घातलेली नव्हती. ती उठवायची तर सुरक्षा परिषदेत नवा ठराव हवा, आणि पाच बड्या राष्ट्रांपैकी एकाने जरी नकाराधिकार वापरला तरी तो ठराव पडणार. बंदी घालताना बहुमत जमवावं लागलं, पण ती चालू ठेवायला एकाचं मत पुरे होतं.

या काळात इराकच्या घरात काय झालं? १९९१ च्या बॉम्बफेकीत वीजकेंद्रं आणि पाणी शुद्ध करणारी केंद्रं मोडली होती. दुरुस्तीचे सुटे भाग, क्लोरिन यांच्यावर नियंत्रण आलं, कारण त्यातून शस्त्रं होऊ शकतील. सांडपाणी नद्यांत गेलं, नद्यांचं पाणी घरात आलं, लहान मुलांना जुलाब लागले. आपल्या वस्त्यांत नळाला गढूळ पाणी आलं की रात्री कोण जागतं, पाणी कोण उकळतं, पोराला दवाखान्यात कोण नेतं? तेच तिथे झालं. फक्त तिथे पाणी उकळायला इंधन मिळायची मारामार होती आणि दवाखान्यात औषध नव्हतं.

पैशाचं काय झालं तेही ऐका. बंदीआधी अधिकृत दराने एक इराकी दिनार तीन डॉलरचा होता. १९९५ संपताना एका डॉलरला दोन हजारांच्या वर दिनार मोजावे लागत होते. शिक्षिकेचा महिन्याचा पगार दोन-चार डॉलरवर आला. इराकमध्ये बायका मोठ्या संख्येने शिकलेल्या होत्या. शाळांत, दवाखान्यांत, सरकारी कचेऱ्यांत काम करत होत्या. ते राज्य हुकूमशाहीचं होतं यात वाद नाही, पण बायकांच्या पायाखाली थोडी जमीन होती. पगाराला किंमत राहिली नाही तेव्हा येण्याजाण्याचा खर्चही निघेना. बायकांनी नोकऱ्या सोडल्या. मुलींना शाळेतून काढलं गेलं. पुरुष कामासाठी देशाबाहेर गेले. घरी उरलेलीने ब्रेड भाजून विकला, घरातलं सामान विकलं. याच काळात सद्दामनेही धर्माची कास धरली आणि बाईचं स्थान घरात, हे सरकारी भाषेत बोललं जाऊ लागलं. ज्या बायका घराबाहेर पडायला दोन पिढ्या झगडल्या होत्या, त्यांना नाकेबंदीने एका दशकात परत आत लोटलं.

आणि सद्दामचं काय झालं? त्याचे राजवाडे उभे राहतच होते. बंदीनंतर त्याच्या सरकारने रेशन सुरू केलं: पीठ, तांदूळ, साखर, तेल, चहा. व्यवस्था चांगली चालत होती, हे पाहणाऱ्या परदेशी माणसांनीही मान्य केलं. पण बाजारात काहीच परवडत नाही आणि जगायचं तर सरकारी कार्डावर, अशी स्थिती झाली की माणूस सरकारविरुद्ध कसा उठेल? ज्या हाताने धान्य मिळतं तो हात कापायची हिंमत उपाशी माणूस करत नाही. नाकेबंदीने हुकूमशहा दुबळा होईल असं म्हणत होते. प्रजा त्याच्यावर जास्त अवलंबून झाली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार.

सद्दामला यात निरपराध ठरवायचं कारण नाही. तेल विकून अन्न-औषध घेण्याची मर्यादित मुभा सुरक्षा परिषदेने १९९१ मध्येच देऊ केली होती. अटी अपमानास्पद आहेत म्हणून त्याने ती नाकारली. १९९५ च्या ठरावानंतर १९९६ मध्ये करार झाला, आणि 'तेलाच्या बदल्यात अन्न' योजनेतलं पहिलं धान्य मार्च १९९७ मध्ये पोचलं. दोन्हीकडच्या पुरुषांच्या प्रतिष्ठेच्या भांडणात सहा वर्षं गेली.

आकड्यांबद्दलही एक गोष्ट सांगते, कारण आपण पत्रकं काढतो, भाषणं करतो. बंदीमुळे इराकमध्ये पाच लाख मुलं दगावली, असा आकडा १९९९ च्या युनिसेफच्या पाहणीवरून जगभर फिरला. चळवळीतल्या माणसांनी तो पोस्टरवर लिहिला. २००३ नंतर झालेल्या पाहण्यांत बालमृत्यूतली तशी उसळी दिसली नाही, आणि इराकी सरकारने आधीच्या पाहणीतली माहिती फिरवली होती असं अभ्यासकांनी २०१७ मध्ये मांडलं. म्हणजे मुलांच्या नावाने राजकारण सद्दामनेही केलं. पण म्हणून नाकेबंदी निर्दोष ठरते का? पाणी, पगार, शाळा, औषध यांचं जे झालं ते नाकारता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मदत कार्यक्रमाचे बगदादमधले प्रमुख डेनिस हॅलिडे यांनी १९९८ मध्ये राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेले हान्स फॉन स्पोनेक यांनीही २००० मध्ये राजीनामा दिला. योजना राबवणाऱ्यांनाच ती असह्य झाली होती. आपली बाजू खरी असली की फुगवलेल्या आकड्याची गरज नसते, आणि फुगवलेला आकडा फुटला की खरी बाजूही खोटी ठरवली जाते.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती मला सगळ्यात अस्वस्थ करते. कुवेतहून सगळं गमावून आलेल्या कामगारांना भरपाई मिळाली पाहिजे, ही मागणी न्याय्य होती. १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यासाठी आयोग नेमला. भारतात परतलेल्या कामगारांनाही पैसे मिळाले. ते आले कुठून? इराकच्या तेलाच्या पैशातून. 'तेलाच्या बदल्यात अन्न' योजनेत इराकने विकलेल्या तेलाच्या दर शंभर डॉलरमधले तीस डॉलर आधी या भरपाईसाठी बाजूला काढले जात; डिसेंबर २००० पासून पंचवीस. उरलेल्यातून अन्न, औषध आणि इतर खर्च. हे पैसे फक्त कामगारांना नाही, तर तेल कंपन्यांना आणि सरकारांनाही गेले. मोठ्या रकमा तर त्यांच्याच. सद्दाम पडला, फाशी गेला, तरी हप्ते चालूच होते. २०२२ च्या जानेवारीत शेवटचा हप्ता फिटला. एकूण ५२ अब्ज डॉलरच्या वर. गुन्हा सद्दामचा, आणि दंड भरला इराकी आयांनी, त्याही ज्यांचा जन्म १९९० नंतरचा अशांनी. कोकणातल्या एखाद्या घरी आलेली भरपाई हक्काचीच होती. पण ती बसरा-बगदादच्या ताटांतून काढली गेली, हे त्या घराला कोणी सांगितलं नाही. नाकेबंदी गरिबाला गरिबाचा देणेकरी बनवते.

कोणी म्हणेल, अन्न आणि औषध तर बंदीतून वगळलेले असतात. कागदावर असतात. या सुटीचं काय होतं हे समजून घ्यायला आपलं हडपसरच पुरे आहे. १९६६ मध्ये इथे सीरम इन्स्टिट्यूट सुरू झाली. धनुर्वातावरच्या औषधापासून तिचं काम वाढत गेलं आणि आज जगभरच्या मुलांना इथल्या लसी टोचल्या जातात. या परिसरातल्या किती घरांचा रोजगार लसीशी जोडलेला आहे! आता हे बघा. इराकला जाणारी खरेदी त्या न्यूयॉर्कच्या समितीपुढे जाई. पंधरा सदस्यांपैकी एकाने हरकत घेतली की माल अडकला. २००१ च्या सुरुवातीला अमेरिकेने अडवलेल्या वैद्यकीय मालात लहान मुलांच्या कावीळ, धनुर्वात आणि घटसर्पावरच्या लसी होत्या. त्यातूनही शस्त्र बनेल, असा संशय. बाहेर आरडाओरडा झाल्यावर त्या सुटल्या. अंगणवाडीत बाळाला जी लस टोचून आपण घरी आणतो, ती लस तिथे संशयित आरोपी होती.

वीस वर्षांनी हडपसरने हीच गोष्ट दोन्ही बाजूंनी अनुभवली. २०२१ मध्ये कोरोनाच्या काळात अमेरिकेने कोरियन युद्धाच्या वेळचा, १९५० चा कायदा वापरून लसीचा कच्चा माल आधी आपल्या कारखान्यांसाठी राखला. त्याच्या निर्यातीवरची बंदी उठवा, असं जाहीर आवाहन हडपसरच्या कंपनीला अमेरिकेच्या अध्यक्षांकडे करावं लागलं. आणि त्याच सुमारास, मार्च २०२१ मध्ये, भारताने लसीची निर्यात थांबवली. नेपाळ, बांगलादेशात पहिला डोस घेतलेली माणसं दुसऱ्यासाठी ताटकळली. आफ्रिकेतल्या देशांचा पुरवठा तुटला. आपल्याकडे तेव्हा स्मशानं अपुरी पडत होती, त्यामुळे तो निर्णय समजण्यासारखा होता. पण समजण्यासारख्या निर्णयानेही माणूस मरतोच, आणि तो निर्णय घेणाऱ्यांच्या यादीत नसतो.

सूट कोणाला मिळते, हेही बघा. मे १९९८ मध्ये भारत आणि पाकिस्तानने अणुचाचण्या केल्या. अमेरिकेने दोघांवर निर्बंध घातले. जुलैमध्येच अमेरिकेने कायदा करून शेतमालाच्या विक्रीसाठीचं कर्ज त्यातून वगळलं. लाहोरच्या बाईची भाकरी आठवली म्हणून नव्हे. पाकिस्तान अमेरिकी गव्हाचं मोठं गिऱ्हाईक होतं आणि तिथल्या शेतकऱ्यांचा गहू पडून राहणार होता. ज्याचा आवाज दरबारात पोचतो, त्याच्यासाठी दार किलकिलं होतं.

अफगाणिस्तानचं उदाहरण तर स्त्री चळवळीला थेट प्रश्न विचारतं. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान सत्तेवर आले. अमेरिकेने त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेचे सुमारे सात अब्ज डॉलर गोठवले. त्यामागे एक कारण बायकांच्या हक्कांचंही सांगितलं जाई. तालिबानने मुलींच्या माध्यमिक शाळा बंद केल्या, पुढे विद्यापीठंही बंद केली. हा गुन्हाच आहे, त्याबद्दल मुळीच पडती भाषा नको. पण बँका कोलमडल्या तेव्हा पगार कोणाचे थांबले? शिक्षिकांचे, परिचारिकांचे. बंदूकवाल्याला भाकरी मिळतच राहिली. एका बाजूने दाढीवाल्याने दार लावलं, दुसऱ्या बाजूने कोटवाल्याने, आणि मधे सापडलेल्या बाईच्या नावाने दोघेही बोलत राहिले.

मग सगळेच निर्बंध वाईट का? नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदी राजवटीशी व्यापार तोडणारा पहिला देश भारत होता, १९४६ मध्ये. पण तिथे एक मोठा फरक होता. १९५९ मध्ये अल्बर्ट लुथुली आणि तिथली काळ्या लोकांची चळवळ स्वतः जगाला सांगत होती, की आमच्या सरकारचा माल घेऊ नका. झळ आम्हालाही बसेल, ती आम्ही सोसू. आणि १९९३ च्या सप्टेंबरमध्ये नेल्सन मंडेला यांनी संयुक्त राष्ट्रांत जाऊन सांगितलं, आता निर्बंध उठवा. मागितले त्यांनी, थांबवले त्यांनी. उपास स्वतः धरणं वेगळं आणि दुसऱ्याने उपाशी ठेवणं वेगळं, हे बायकांइतकं कोणाला कळणार?

म्हणून यापुढे कुठेही युद्ध पेटलं आणि नाकेबंदीची भाषा सुरू झाली, की आपण चार प्रश्न विचारू या. हे निर्बंध ज्यांना सोसायचे आहेत त्यांनी ते मागितले आहेत का? नेमकं काय बंद होणार, शस्त्रं आणि राज्यकर्त्यांची खाती, की गहू आणि क्लोरिन? सूट दिली आहे म्हणता, तर ती प्रत्यक्षात कोण पोचवणार, कोणत्या बँकेतून, कोणत्या जहाजातून? आणि हे कधी संपणार, तारीख सांगा.

हे प्रश्न दूरच्यांसाठीच आहेत असं समजू नका. रशियाकडून तेल घेतलं म्हणून २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर पंचवीस टक्के जादा कर लावला. युद्ध युक्रेनमध्ये, आणि काळजी अमेरिकेला टॉवेल पाठवणाऱ्या सोलापुरात आणि अंधेरीच्या सीप्झमध्ये दागिने घडवणाऱ्या कामगार बायकांना. त्याच महिन्यात गाझा शहर आणि परिसरात दुष्काळ असल्याचं जाहीर झालं. मार्चपासून अकरा आठवडे तिथे अन्नाचे ट्रक आत सोडले नव्हते. तिथे तर सुटीचा कागदसुद्धा उरला नव्हता.

आपल्या गटांनी दोन साध्या गोष्टी कराव्यात असं सुचवते. युद्धाविरुद्ध पत्रक काढाल तेव्हा त्यात 'अन्न, औषध, पाणी अडवू नका' ही मागणी स्पष्ट लिहा, मग अडवणारा कोणीही असो, आपलं सरकार असलं तरी. आणि कोणत्याही देशातल्या बायकांच्या वतीने बोलण्याआधी तिथल्या बायकांच्या संघटना काय म्हणतात ते शोधा, वाचा, एकमेकींना सांगा. रेशनच्या रांगेत उभं राहून आपण एक गोष्ट शिकलो आहोत, की दुकान बंद करणारा माणूस कधी त्या रांगेत उभा नसतो. हे शहाणपण कोणत्याही सुरक्षा परिषदेपेक्षा कमी नाही. ते मोठ्याने बोलू या.